मुडदूस ओळखताना

मुडदूस हा शब्द कानी पडताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हाडांचा सापळा झालेले मूल उभे राहते. परंतु ज्या मुलाचे गाल भरलेले आहेत आणि ज्याच्या बाळशाचे शेजारीपाजारी कौतुक करतात, त्याचीही हाडे चुन्यावाचून (म्हणजे कॅल्शियमवाचून) मऊ राहिलेली असू शकतात, हे पालकांनी मनाशी पक्के धरावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मागे एक माता आपल्या १४ महिन्यांच्या गुटगुटीत मुलाला खोकल्यासाठी दवाखान्यात घेऊन आली. खोकला किरकोळच होता. पण नाडी पाहण्यासाठी मी त्याचा हात हाती घेतला, तेव्हा कातडीखाली जाड बांगडी चढवली असावी तसे रुंदावलेले मनगट बोटांना लागले, आणि सदरा वर करून पाहतो तो बरगडीचे हाड जेथे कूर्चेला मिळते त्या रेषेवर दोन्ही बाजूंस जपमाळेच्या मण्यांसारख्या गाठी. चौकशी करता कळले की दात अद्याप एकही नाही, टाळू चांगली रुंद उघडी आहे, मूल पाय धरीत नाही, आणि निजले की डोक्याच्या घामाने उशी भिजते. यांतले प्रत्येक लक्षण घरात दिसले होते. पण “आमच्याकडे सगळ्यांचे उशिराच” हा जबाबही तयार होता.

पाय वाकण्याची वाट मात्र पाहू नये. जे मूल अजून उभेच राहिले नाही, त्याच्या पायांवर भार तो कोठून येणार? शिवाय दोन वर्षांपर्यंत पाय किंचित बाकदार असणे स्वाभाविकच असते. म्हणून मनगटे व बरगड्या पाहाव्यात आणि संशय आल्यास क्ष-किरण चित्र व रक्ततपासणी करून खातरजमा करावी. तान्ह्याला एकाएकी झटके आले, तर रक्तातील कॅल्शियम उतरल्याचे ते चिन्ह असू शकते; अशा वेळी क्षणाचीही हयगय न करता रुग्णालय गाठावे.

१९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी नीलातीत किरणांच्या दिव्याखाली ठेवून मुडदूस झालेली मुले बरी करून दाखवली. हाडांत चुना भरण्यास लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व हेच किरण त्वचेत निर्माण करतात. पण आपल्या आवडत्या कोवळ्या उन्हात ते फार थोडे असतात, आणि खिडकीच्या बंद काचेतून तर जवळजवळ येतच नाहीत. आईच्या दुधातही हे जीवनसत्त्व अत्यल्प असते. तान्ह्याला भर उन्हात निजवणे इष्ट नव्हे. त्याऐवजी जन्मानंतर लौकरच सुरू करून निदान वर्षभर रोज ४०० एकके भरतील एवढे थेंब वैद्यकीय सल्ल्याने द्यावेत. दूध मुळीच न घेणाऱ्या मोठ्या मुलांना नाचणीची आंबील द्यावी, कारण नुसत्या चुन्याच्या तुटीनेही हा रोग होतो. शेजारच्या मुलाला दिलेली ‘ड’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा आपल्या मुलाला परस्पर देऊ नये. अतिरेकाने मूत्रपिंडांना इजा होते.

त्या मुलावर रीतसर इलाज केला. सहा आठवड्यांनी काढलेल्या चित्रात मनगटाच्या हाडाच्या टोकाशी चुन्याची बारीक पांढरी रेघ उमटली होती. ती मी त्या मातेला चित्र खिडकीच्या उजेडात धरून दाखवली.