गवती चहाचा सुगंध व पाण्याची पाळी
(निसर्गअभ्यास व गणित : इयत्ता ५ वी ते ७ वी)

पुण्यातील जुन्या वाड्यांच्या परसात मोरीच्या पाण्यावर गवती चहाचे ठोंब वाढविण्याची रीत होती. पाणी भरपूर मिळाले म्हणजे पाला वाढतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सुगंधही त्याच प्रमाणात वाढतो काय, हा या पाठाचा प्रश्न होय.

माहिती : सुगंध म्हणजे पानातील सूक्ष्म पेशींत साठणारे, हवेत उडून जाणारे तेल. पुण्यात वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे ७०० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्या दिवसांत पानांत पाणी अधिक व ऊन कमी. म्हणून वाढ जोमाची, पण वजनाच्या मानाने तेलाचा अंश बहुधा कमी असतो. उघडीप होऊन ऊन पडू लागले की तो वाढतो. जुन्या खानदेशात रोशा गवताचे तेल काढणारे लोक गवत फुलोऱ्यावर येईपर्यंत थांबत, त्यामागे असाच अनुभव होता.

प्रयोग : पाऊस संपल्यावर दोन सारख्या वाफ्यांतील ठोंब एकाच उंचीवर कापावेत. एका वाफ्यास दर चार दिवसांनी, दुसऱ्यास दर दहा दिवसांनी सारखेच पाणी द्यावे. ८० दिवसांनी पाला कापून तोलावा. प्रत्येकी १०० ग्रॅम पाला सावलीत वाळवून पुन्हा तोलावा, म्हणजे पाण्याचा अंश कळेल. ताजी पाने चुरगळून, वाफ्याचे नाव न सांगता, मुलांना हुंगावयास द्यावीत.

गणित : शाळेत तेल काढता येत नाही, म्हणून आकडे कल्पून घ्यावेत. समजा, पहिल्या वाफ्यात २० किलो पाला व तेल शेकडा ०.४ निघाले, दुसऱ्यात १२ किलो पाला व तेल शेकडा ०.५ निघाले. तेल अनुक्रमे ८० व ६० ग्रॅम झाले. नाकाने दुसरा वाफा सरस ठरविला, तराजूने पहिला. आता पाणी मोजावे. पहिल्यास २० पाळ्या, दुसऱ्यास ८. दर पाळीस तेल अनुक्रमे ४ ग्रॅम व ७.५ ग्रॅम!

निष्कर्ष : पाला विकणारा, तेल विकणारा आणि विहिरीचे पाणी पुरवून वापरणारा, या तिघांची उत्तरे एकच नसतात. पुरंदर, शिरूर यांसारख्या तालुक्यांच्या कोरडवाहू भागातील मुलांच्या घरी तिसरा प्रश्न रोजचाच आहे. शिक्षकांनी उत्तर आधी सांगू नये. कशाचे माप घ्यावयाचे, हे मुलांकडूनच ठरवून घ्यावे.