क्रियाशारीराच्या अध्यापनात रुग्ण-प्रतिकृती

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात ‘योग्या’ म्हणजे कर्माभ्यास सांगितला आहे. छेदनासाठी कोहळा, दुध्या, काकडी. वेधनासाठी मृत पशूंच्या सिरा व कमळाचा देठ. बंधनासाठी मनुष्याकृती पुतळा. शास्त्र जाणणाऱ्यानेही पहिला हात रुग्णावर चालवू नये, हा त्यामागील हेतू. संगणकचलित ‘पेशंट सिम्युलेटर’ याच विचाराच्या जवळचा आहे. मात्र त्यावर हाताबरोबर बुद्धीचाही अभ्यास होतो.

१९६० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात एब्रहॅमसन व डेन्सन यांनी ‘सिम वन’ ही प्रतिकृती घडविली. तिला श्वास होता, नाडी होती. आजच्या प्रतिकृतींत हृदय, रक्तवाहिन्या व फुप्फुसे यांचे परस्परसंबंध गणिती सूत्रांनी बांधता येतात.

एक पाठ पाहू. प्रौढाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. प्रतिकृतीला रक्तस्राव सुरू करावा आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून विचारावे : आता नाडी व रक्तदाब यांचे काय होईल? उत्तर आधी लिहून घ्यावे, मग मॉनिटर दाखवावा. बहुतेक रक्तदाब लगेच उतरेल असे लिहितात. प्रत्यक्षात १५ ते ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा दाब बहुधा टिकतो; नाडी मात्र शंभराच्या पुढे जाते व दोन्ही दाबांतील अंतर घटते. कारण ग्रीवाधमनी व महाधमनीतील दाबग्राही केंद्रे मेंदूस सूचना देतात. अनुकंपी मज्जासंस्था हृदयगती वाढविते, रक्तवाहिन्या आकुंचित करते. ही भरपाई अपुरी पडली की दाब कोसळतो. ‘रक्तदाब ठीक आहे’ या समाधानात रुग्ण गमावण्याचा धोका येथे उमगतो.

दुसऱ्या फेरीत हाच रुग्ण ॲटेनोलॉल घेणारा समजावा. आता स्राव होऊनही नाडी पुरेशी वाढत नाही. रुग्णाची चालू औषधे विचारणे का आवश्यक, हे वैद्यांनी आणि औषधालयचालकांनीही ध्यानी घ्यावे.

प्रतिकृतीला मर्यादाही आहेत. थंड घाम, त्वचेचा पांढुरका वर्ण, रुग्णाची अस्वस्थता ती यथार्थ दाखवू शकत नाही. दर्शन, स्पर्शन, प्रश्न रुग्णाजवळच शिकावे लागतात. शिवाय यंत्र महाग आहे. ते नसल्यास शिक्षकाने फळ्यावर टप्प्याटप्प्याने आकडे मांडून हाच पाठ घ्यावा. आधी अनुमान, मग निरीक्षण, शेवटी कारणमीमांसा हा क्रम मात्र मोडू नये. चूक प्रतिकृतीवर व्हावी, रुग्णावर नव्हे.