आळस म्हणण्याआधी नाक तपासा

स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्या माणसाबद्दल घरात आणि पुनर्वसन केंद्रात जी तक्रार सारखी कानावर येते, ती भासांची किंवा संशयांची नसते. औषधं लागू पडली की ती लक्षणं बरेचदा आटोक्यात येतात. तक्रार असते ती ‘अंघोळीचं नावच काढत नाही’, ‘तोच शर्ट आठवडाभर घालतो’, ‘दूध करपून धूर झाला तरी शेजारी बसून होती’ अशी. त्यामागचं कारणही सांगणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं: आळस, बेफिकिरी. या कामात असलेल्यांना आणि घरी सांभाळणाऱ्या शुभंकरांना मला इथेच सावध करायचं आहे. नावं ठेवण्याआधी एवढं पाहावं, की या माणसाला वास येतो का, आणि आलेला वास कशाचा आहे हे त्याला कळतं का. ते न पाहता आखलेल्या दिनचर्येतून शुभार्थीच्या, म्हणजे आजारातून सावरणाऱ्याच्या, पदरात बोलणी तेवढी पडतात, असं माझं ठाम मत आहे.

हे मत हवेतलं नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रिचर्ड डोटी यांची वास ओळखण्याची चाचणी १९८४ पासून वापरात आहे. चाचणीच्या पुस्तिकांमध्ये एकूण चाळीस पट्ट्या असतात. पट्टी पेन्सिलीने खरवडायची, नाकाशी धरायची आणि दिलेल्या चार पर्यायांतून वास निवडायचा. या आणि अशा इतर चाचण्यांमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्यांना सरासरीने इतरांपेक्षा कमी गुण मिळतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उणीव वास ओळखण्यात विशेष ठळक असते. त्याला शरीररचनेचा आधारही आहे. ब्रूस ट्युरेट्स्की आणि सहकाऱ्यांनी २००० साली एमआरआयने मोजमाप केलं, तेव्हा वासाचे संदेश मेंदूत सर्वांत आधी जिथे पोचतात तो कंद या रुग्णांमध्ये सुमारे २३ टक्के लहान आढळला. या कंदातून निघालेले संदेश भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत जवळजवळ थेट शिरतात. डोळ्यांचे आणि कानांचे संदेश आधी थॅलॅमसमधून जातात. न्यूयॉर्कमधल्या डोलोरेस मालास्पिना यांच्या २००३ च्या अभ्यासात वास ओळखण्यातली उणीव आणि माणसांत मिसळण्याची ओढ कमी असणं या गोष्टी एकत्र आढळल्या. एकामुळे दुसरं घडतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण ओढ, उत्साह आटण्यासारख्या ज्या निगेटिव्ह लक्षणांपाशी आपलं सगळं पुनर्वसन अडतं, त्यांच्याच आसपास नाकाचाही प्रश्न आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो औषधांचा आणि विडी-सिगारेटचा. तंबाखूने नाक बोथट होतं हे खरं, आणि या आजारात धूम्रपानाचं प्रमाण फार मोठं आहे हेही खरं. तरीही सगळा दोष तिथे टाकता येत नाही. मेलबर्नमध्ये वॉरिक ब्रुअर आणि सहकाऱ्यांनी आजाराचा धोका जास्त असलेल्या तरुणांना तपासलं. त्यांच्यातल्या ज्यांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला, त्यांची वास ओळखण्याची क्षमता आजार उघड होण्याआधीच कमी होती. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे: वास ओळखायला लक्ष, स्मरण आणि शब्द लागतात, मग चूक नाकाची की विचारप्रक्रियेची? संशोधकाला हा भेद महत्त्वाचा आहे, पुनर्वसन करणाऱ्याला तितका नाही. आंबलेली आमटी नाकामुळे कळली नाही काय किंवा ‘हा आंबल्याचा वास’ हे सुचलं नाही काय, पोट बिघडणारच. आणि उपायही तोच, डब्यावर तारखेची चिकटपट्टी.

वास येतो का, असं नुसतं विचारून भागत नाही. नाक मंद झालेल्या अनेकांना ते स्वतःला ठाऊकच नसतं, ‘येतो की’ असं ती अगदी प्रामाणिकपणे सांगतात. परदेशी चाचणी जशीच्या तशी वापरणंही बरोबर नाही. तिच्यात रूट बिअरसारखे वास आहेत, ते साताऱ्याच्या माणसाने कशाला ओळखावेत? केंद्रात प्राथमिक अंदाजासाठी झाकणाला भोकं पाडलेल्या, आतलं न दिसणाऱ्या चार-सहा डब्या पुरतात: कॉफी, वेलची, जिरं, लिंबाची साल, चंदन. प्रत्येक वासाला चार पर्याय सांगावेत, म्हणजे शब्द न सुचण्याची अडचण थोडी कमी होते. कापूर, निलगिरी किंवा झेंडू बाम मात्र ठेवू नये. त्यांचा झोंबरेपणा आणि गारवा दुसऱ्याच मज्जातंतूतून जाणवतो, त्यामुळे वास न येणाराही ‘आला’ म्हणतो आणि आपली फसगत होते. ज्याला अन्नात काही कालवल्याचा संशय येत असेल, त्याच्यापुढे अशा डब्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नयेत. या चाचणीवरून आजाराचं निदान तर कधीच करू नये. सर्दी, सायनस, कोविड, वाढतं वय अशी वास कमी होण्याची कारणं कितीतरी आहेत, आणि वास अचानक गेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञच गाठावा.

उणीव आढळली तर दिनचर्या नाकावरून काढून घड्याळावर आणि डोळ्यांवर आणावी. ‘खराब वाटले की कपडे बदल’ ही सूचना अशा माणसाला निरुपयोगी आहे. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार’ ही उपयोगी. ‘तुझ्या अंगाला वास मारतोय’ हे चारचौघांत तर बोलूच नये. आपल्या अंगाला दुर्गंधी येते आणि लोक त्यावरूनच कुजबुजतात, अशी काहींची पक्की समजूत असते. आपलं एक वाक्य तिला पुरावा म्हणून पुरतं. स्वयंपाकघराचा धोका मी सर्वांत वर ठेवीन. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाईल मर्कॅप्टन मिसळतात, म्हणजे ही सगळी सुरक्षा नाकाच्या भरवशावर उभी आहे. तिथे गळती सांगणारा अलार्म बसवावा आणि रात्री रेग्युलेटर बंद करण्याचं काम घरातल्या ठरावीक माणसाने घ्यावं. कामाची निवड करतानाही हे ध्यानात असावं. मसाले, उदबत्त्या, खानावळ ही कामं पुनर्वसनात सहज सुचतात. ती देऊ नयेत असं नाही, पण भाजणी झाली की नाही हे रंगावरून आणि टायमरवरून ठरेल अशी सोय आधी करावी.

माणसं अपुरी, वेळ नाही, त्यात हे नवं कुठे, असंही कोणी म्हणेल. त्यांना ‘कॉप्सी’ प्रयोगाची आठवण करून द्यावीशी वाटते. गोवा, तमिळनाडू आणि आपला सातारा इथे झालेला हा प्रयोग २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २८२ जण होते. नेहमीच्या उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरभेटींची जोड दिल्यावर लक्षणांत आणि अक्षमतेत माफक, पण मोजता येण्याजोगा फरक पडला. त्यात नाकाची तपासणी नव्हती. पण घरात जाऊन बसणाऱ्या अशा कार्यकर्त्याला सहा डब्या आणि एक तक्ता सोबत नेणं मुळीच जड नाही.

सुगंधाने स्किझोफ्रेनिया बरा करू म्हणणाऱ्यांपासून मात्र दूर राहावं. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग दिवसातून दोनदा हुंगण्याचा सराव जर्मनीत थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडला. वासाची जाणीव गमावलेल्या काही लोकांना त्याचा फायदा झाला; पण तो सराव घ्राणेंद्रियासाठी आहे, मनोविकारासाठी नव्हे. आवडलं तर करावा, औषधाची एकही गोळी त्यापायी चुकवू नये. आणि नसलेला वास, विशेषतः जळका किंवा कुजका, नव्यानेच आणि झटक्याने येऊ लागला, तर तो आजाराचाच भाग असं घरच्या घरी ठरवू नये. अपस्माराच्या काही प्रकारांतही तसं होतं. तो किती वाजता आला, किती वेळ टिकला आणि त्या वेळी भान होतं का, हे लिहून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं.