परसबागेतील खार : सवयी, नुकसान आणि बंदोबस्त

ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील चामटोलीसारख्या गावांत परसातील आंबा, चिकू, पेरू, नारळ व भाजीपाला यांचा कुटुंबाला मोठा आधार असतो. फळे कुरतडलेली दिसली की दोष बहुधा खारीवर येतो. तथापि, बंदोबस्तापूर्वी नुकसान कोणी केले हे पाहणे अगत्याचे आहे.

खार दिवसा वावरते; रात्री घरट्यात विसावते. उंदीर, घुशी व वटवाघळे मात्र रात्री हिंडतात. सायंकाळी शाबूत असलेले फळ पहाटे खराब झालेले आढळल्यास खारीला दोष देता येत नाही. दिवसा नासाडी झाल्यास खार अथवा पोपट यांचा संशय घ्यावा.

उंदराप्रमाणे खारीचेही पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यामुळे ती सतत काहीतरी कुरतडते. फळांखेरीज पेरलेले दाणे, कोवळे कोंब व कळ्या ती खाते. तशीच किडेही खाते. उत्तर अमेरिकेतील चिपमंक हा तिच्यासारखाच पट्टेदार प्राणी जमिनीत बीळ करून दाण्यांचा साठा करतो. आपली खार मात्र झाडाच्या बेचक्यात किंवा घराच्या आढ्यात गवत, काथ्या व चिंध्यांचे घरटे बांधते. म्हणून बिळे बुजवून तिचा बंदोबस्त होत नाही.

तिची वाट अडविणे हाच खरा उपाय होय. छपराला व शेजारच्या झाडांना टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. एकट्या उभ्या नारळाच्या खोडाला सुमारे २ मीटर उंचीवर ४० सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. झावळ्या दुसऱ्या झाडाला टेकत असतील, तर पत्र्याचा उपयोग होत नाही. रोपांचे वाफे व निवडक फळे बारीक तारेच्या जाळीने झाकावीत. पिकलेली फळे वेळेवर उतरवावीत. गळलेली रोज वेचावीत.

विषारी आमिष कटाक्षाने टाळावे. झिंक फॉस्फाइडसारख्या विषाने कोंबड्या व पाळीव जनावरेही दगावू शकतात. लहान मुलांनाही धोका संभवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील उपद्रवी प्राण्यांच्या मूळ यादीत उंदीर, कावळा व फळे खाणारी वटवाघळे होती; खारीचा समावेश त्यात नव्हता, हेही ध्यानात ठेवावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आठवडाभर सकाळ-सायंकाळच्या नुकसानीची नोंद करवून घ्यावी आणि ग्रामपंचायतीने ती ग्रामसभेपुढे ठेवावी. खरा नासाडखोर कळला, म्हणजे जाळी, पत्रा व श्रम योग्य ठिकाणी खर्ची पडतील आणि निरुपद्रवी जीव नाहक मारले जाणार नाहीत.