चित्रफितीतले काळे पट्टे

आईने आपल्या पापडांच्या जाहिरातीसाठी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घेतली आणि तीत काळे पट्टे सरकताना दिसले, तर मोबाइल बिघडला असे समजू नका.

आपल्या घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. प्रत्येक आवर्तनात तो एकदा सुलट व एकदा उलट दिशेने शिखर गाठतो. म्हणून पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. डोळ्यांना हे जाणवत नाही. मोबाइल मात्र चित्र एकेका ओळीने टिपतो. प्रकाश घेण्याचा काळ १/५०० सेकंद असेल, तर काही ओळी दिवा उजळ असताना, तर काही तो मंद असताना टिपल्या जातात. हेच ते पट्टे! हा काळ १/५० सेकंद ठेवला, की प्रत्येक ओळीला बरोबर दोन चढउतारांचा प्रकाश मिळतो आणि पट्टे नाहीसे होतात.

याहून सोपा उपाय म्हणजे दिवसा, दिवे मालवून, खिडकीजवळ चित्रण करणे. त्याआधी कागदावर तीन दृश्ये ठरवा : लाटणारे हात, तेलात फुलणारा पापड, शेवटी किंमत व पत्ता. माल स्वच्छ दिसला, तरच गिऱ्हाईक विश्वास ठेवते. दोन्ही प्रकारे चित्रण करून पाहा आणि आईला फरक दाखवा.