बाप्तिस्मा एकच



आपल्या चांद्यात स्कॉटलंडच्या अँग्लिकन मिशनने एकोणिसाव्या शतकात सेवाकार्य सुरू केले. तेथील मिशनरी अ‍ॅलेक्स वुड १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकनांसह सहा मंडळ्या एक होऊन सी.एन.आय. स्थापन झाली.

सी.एन.आय.ची मुलगी सून म्हणून आली, की ‘हिला पुन्हा बाप्तिस्मा द्या’ असे काही जण म्हणतात. पाण्याने, पवित्र त्रैक्याच्या नावाने झालेला त्यांचा बाप्तिस्मा आपली ख्रिस्तसभा मानते. तो पुन्हा देणे म्हणजे पहिला झालाच नाही असे म्हणणे!

ख्रिस्तप्रसाद मात्र अजून आपण एकत्र घेत नाही. हे दुःख मनात ठेवून १८ ते २५ जानेवारीच्या ऐक्य-सप्ताहात प्रार्थना करू या.