रागावलेले पोर

शिराळ्याच्या माणसाला नाग काय सांगावा? वाट मोकळी असली, तर तो निघून जातो. कोंडला, की फणा काढतो. शाळेत मारामारी करणारे पोरही पुष्कळदा असेच कोंडलेले असते. आम्हांला हे उशिरा कळले.

१९८३ सालची गोष्ट. आम्ही नवे मास्तर होतो. पाऊस लागला होता. चौथीतल्या एका मुलाने शेजारच्याची पाटी आपटून फोडली, त्याला बोचकारले. आम्ही काही विचारले नाही. दोन छड्या दिल्या. पोर रडले नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आले नाही.

आठव्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. बाप दारातच बसला होता. तो मुंबईला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. आपल्या भागातली किती तरी माणसे तेव्हा वळकटी घेऊन गावी आली. त्यांतलाच हा एक. आई हळूच म्हणाली, "गुरुजी, पोरं त्याला चिडवत्यात. तुझा बा आयतं खातोय, म्हणत्यात."

पाटी का फुटली, ते आम्हांला तिथे कळले.

बाप म्हणाला, "मास्तर, आणखी चार द्या त्याला." आम्ही मान खाली घातली.

पुढे आम्ही रीत बदलली. भांडण झाले, की दोघांना आधी लांब बसवायचे. पाणी द्यायचे. धाप उतरली, की एकेकाला बाजूला घेऊन विचारायचे, "मारायच्या आधी काय झालं?" लगेच "माफी माग" म्हणायचे नाही. ती नुसती तोंडदेखली होते. मग दोघांना मिळून एक काम द्यायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आपली कामे आपण करत. ते आमच्या डोळ्यांपुढे होते. आम्ही शाळेचा रांजण भरायला लावत असू. बादली एक, हात दोघांचे.

आता छडी कायद्यानेच बंद आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारायला मनाई आहे, आणि त्याच्या मनाचा छळ करायलाही. तरी काही पालक म्हणतातच, "गुरुजी, चांगला बडवा." मंडळी, असे म्हणू नका. "तूही दोन ठेवून ये," असेही पोराला शिकवू नका. रात्री भाकरी खाताना विचारा, आज शाळेत काय झाले. गप्प राहिले, तर उद्या पुन्हा विचारा. आणि चुलीपुढे दुसऱ्याच्या घराविषयी बोलताना जरा जपा. "आयतं खातोय" हे शब्द काही चौथीतल्या पोराचे नव्हते.

तो मुलगा नवव्या दिवशी शाळेत आला. आमच्याशी बोलायला मात्र त्याला दिवाळी उजाडली.